आबांना चौकातून नेलं

मंगळवारी सकाळी माझे वडील, आबा, वारले. मी अमेरिकेत शिकत होते, गुरुवारी पहाटे गावी पोचले. गुरुवारी दुपारी आम्ही त्यांना चौकातून, देवळासमोरून स्मशानात नेलं.

एवढंच झालं. पण गाव सांगितल्याशिवाय ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, रस्त्यानंच नेतात सगळे.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं, जीपमधून उतरून थोडं आत चालावं लागतं. भूकंपात जुनं गाव पडलं, मी त्यानंतर जन्मले, म्हणजे मी नव्या गावातली. पण आईनं मला जुनं गाव इतकं सांगितलंय, आणि त्याहून जास्त पत्र्याची शेडं सांगितलीत, की मला वाटतं मी तिथंही होते. भूकंपानंतर सगळं गाव शेडात राहिलं, ओळीनं, ज्याला जी खोली मिळाली ती त्याची. आईच्या पत्र्यापलीकडे मोठ्या घरातली एक बाई होती, तिचं खोकणं इकडं ऐकू यायचं, आईचं रडणं तिकडं, आणि दोघींचे हंडे एकाच नळाखाली. आई म्हणते, त्या शेडात लई हाल झाले बाई, पण दूर हो म्हणून कुणी म्हणालं न्हाई. मग सरकारनं नवं गाव बांधायला काढलं. साहेब लोक चांगले होते, त्यांनी माणसांना बोलावून विचारलं, कुणाला कुणाच्या शेजारी घर पाहिजे ते सांगा. लोकांनी सांगितलं. आणि पट्टीनं आखल्यासारखं नवं गाव उभं राहिलं, रुंद रस्ते, मध्ये चौक, चौकात मारुतीचं देऊळ, आणि आमची आळी पुन्हा पूर्वेच्या टोकाला, जुन्या गावात होती तशी. आजी म्हणायची, वारा मावळतीकडून येतो, गावाचा वारा आपल्या अंगावरून गेला तर चालतंय, आपला त्यांच्या अंगावरून जाऊ ने. भूकंपानं भिंती पाडल्या, वारा काही पाडला नाही.

आबा गवंडी होते. आधी खडी वाहायचे, मग थापी हातात आली. या गावचे रस्ते झाले तेव्हा आबा त्या कामावर होते, चौकातलं काँक्रीट पडलं तेव्हाही. जेवायला मात्र ते आमच्या आळीला परत यायचे, चौकातल्या पारावर बसायचे नाहीत. कुणी बसू नका म्हणत नव्हतं. हेच सांगायचंय तुम्हाला, आमच्याकडं कुणीच काही म्हणत नाही.

स्मशान गावाच्या पश्चिमेला आहे. एकच आहे, सरकारी शेड, सगळ्यांना खुलं. तिथं जळायला कुणाला ना नाही. ना आहे ती जायच्या वाटेला. गावातलं कुणी गेलं की तिरडी सरळ रस्त्यानं येते, चौकात देवळाच्या दाराला पडदा ओढतात, मयत पुढं गेलं की पडदा उघडतात. आमच्या आळीतलं कुणी गेलं की तिरडी आळीच्या मागून ओढ्यात उतरते, बाभळीतून, लोकांच्या बांधावरून, गावाला वळसा घालून जाते. कुठं लिहिलेलं नाही. कुणाला विचारलंत तर म्हणतील, ती वाट जवळची हाय. जवळची नाही. पावसाळ्यात आजीला तिकडून नेलं तेव्हा खांदेकऱ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात होते आणि आजी एका बाजूला कलली होती. मी तेव्हा शाळकरी पोर होते. तेवढं कललेलं मला दिसलं आणि ते डोळ्यांत राहिलं.

शिकायला मी नांदेडला गेले. काय सांगू तुम्हाला, खोली शोधणं म्हणजे तोंडी परीक्षा. बाया चांगल्या असायच्या, पाणी द्यायच्या. पहिलं विचारायचं, आडनाव काय. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही निघत नाही. मग, गाव कुठलं. मग तिसरं, अगदी सहज, चहा घेतेस का म्हटल्यासारखं, गावात घर कुठं गं तुमचं. मी सांगायचे, पूर्वेला. पाण्याचा पेला परत घेताना त्या म्हणायच्या, आमच्या भाचीला लागणार होती खोली, विसरलेच मी. नांदेडमध्ये इतक्या भाच्या आहेत हे मला माहीत नव्हतं. शेवटी ज्या घरी राहिले त्या काकू म्हणाल्या, पोरी, तू पूर्वेला राहा न्हाईतर आभाळात, पाण्याची मोटार मात्र वेळेवर बंद करत जा.

पुढं शिष्यवृत्ती मिळाली आणि अमेरिकेतल्या एका शहरात नगररचना शिकायला गेले. जायच्या आधीच तिथल्या आपल्या मुलांनी फोनवर समजावलं, घर कुठंही घे, अमुक रस्त्याच्या पलीकडं घेऊ नको. मी विचारलं, का. म्हणाले, तिकडं बरं नाही. मी विचारलं, बरं नाही म्हणजे. एक मुलगा हसला, म्हणाला, अगं, कळेल तुला, तिकडं ते लोक राहतात. ते लोक. हा आवाज मी लहानपणापासून ऐकलाय, पण तेव्हा मी त्याच्या दुसऱ्या टोकाला असायचे. मी त्याच रस्त्याच्या पलीकडं खोली घेतली. स्वस्त होती हेही खरं.

घरमालकीण काळी बाई होती, लॉरेन, आयुष्यभर शहराची बस चालवून निवृत्त झालेली. तिला सुरुवातीला वाटलं मी डॉक्टराची मुलगी, कारण तिनं पाहिलेले भारतीय सगळे डॉक्टर. मी म्हटलं, गवंड्याची. तिचा विश्वास बसेना. कोपऱ्यावर आपल्याकडच्याच एका माणसाचं दुकान होतं, काचेमागं बसायचा. तो लॉरेनला सुटे पैसे देताना फळीवर ठेवायचा, माझ्या मात्र हातात द्यायचा, वर ताई म्हणायचा, या भागात कशाला राहता ताई. आमच्या आजीच्या ओंजळीत दुकानदार वरून साखर सोडायचा, अंतर ठेवून, म्हणून मला त्या फळीकडं बघत राहावंसं वाटलं. एक दिवस त्यानं हात पुढं केला तेव्हा मी माझा मागं घेतला आणि म्हटलं, तिथं ठेवा, सगळ्यांचे ठेवता तिथं. त्याचा चेहरा पडला. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. आपण कुठल्या गावातून काय उचलून एवढ्या लांब आणलंय हे त्याला माहीतच नव्हतं.

वर्गात शहराचे नकाशे असायचे. एकदा सरांनी दाखवलं, कितीतरी शहरांत गरीब वस्ती पूर्वेला का, तर वारा पश्चिमेकडून येतो, कारखान्यांचा धूर पूर्वेला जातो. सगळे वहीत उतरवत होते. मला हसू आलं, थांबेना, सरांनी विचारलं काय झालं, आणि मला आजीचं बोलणं इंग्रजीत सांगता आलं नाही.

लोक म्हणतात, रंगाचा भेद वेगळा आणि आपल्याकडचा वेगळा. असेल. मी पुस्तकं वाचलीत, फरक मलाही माहीत आहेत. तिथं रंग लांबून दिसतो, आपल्याकडं विचारावं लागतं, म्हणून आपल्याकडं प्रश्न इतके गोड असतात. पण रस्ता आखणारा हात मी दोन्हीकडं पाहिला, आणि दोन्हीकडं लोक म्हणतात, आम्ही नाही आखला, तो होताच. यावर माझा विश्वास नाही. रस्ता कुणीतरी रोज आखतं, नाहीतर तो पुसून जाईल.

तर नानांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, फोन आला की आबा गेले. लॉरेन मला विमानतळावर सोडायला आली. गाडीत तिनं विचारलं, वडिलांना कुठं नेतील. मी सांगायला लागले, स्मशान एकच आहे, रस्ता सरळ आहे, आणि आम्ही ओढ्यातून जातो. सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं. ती म्हणाली, तिच्या आईला जिथं पुरलं ती काळ्यांची दफनभूमी होती, पुढं तिच्यावरून मोठा रस्ता गेला, आता ती आईला भेटायला जाते ते गाडीतून, न थांबता. मी उतरताना ती म्हणाली, तू कुठल्या वाटेनं नेणार आहेस?

हैदराबादला उतरून उमरग्यावरून घरी आले. आबा लातूरहून आणलेल्या बर्फाच्या पेटीत होते. चेहरा होता तसाच होता, नखांत सिमेंट होतं. आईजवळ बसले. मग बाहेर येऊन नानांना म्हटलं, चौकातून न्यायचं.

नाना तिरडीची दोरी आवळत होते, हात थांबले. म्हणाले, तुझ्या बापाला जित्तेपणी कधी चौकात बसलेलं बगितलंस का? मी म्हटलं, नाही, म्हणूनच. ते म्हणाले, माय, तू आठ दिसांनी इमानात बसशील, आमाला हितंच दळण दळायचंय. हे खरं होतं. आळीतली माणसं जमली, कुणी म्हणालं न्यावं, कुणी म्हणालं मयतात भांडण नको. पोलीस पाटील आले, हात जोडून, फार दुःख झालं म्हणाले, मग म्हणाले, वढ्याकडची वाट जवळची हाय की. मी म्हटलं, जवळची आहे तर तुमचीही माणसं तिकडून न्या. ते हसले, नानांकडं बघून म्हणाले, अमेरिकेत शिकून आली म्हणून गावाला शिकवायली का काय.

नाना खाली बघत होते. मला वाटलं, संपलं, ओढ्यातूनच जाणार. तेव्हा दारातून आई बोलली. म्हणाली, वढ्यातून कशाला नेता, लांब पडतंय. गुडघं दुखतेत त्यांचं.

दुखतेत म्हणाली. नाना उठले, डोळे पुसले आणि पाटलाला म्हणाले, वयनी म्हणती तसं.

त्रिसरण पंचशील झालं. पुढच्या उजव्या खांद्याला मी होते. आमच्यात बाया जातात स्मशानात, खांदा मात्र त्या गावात बाईनं दिलेला नव्हता. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंची दारं. काही लावलेली होती, काही आमच्यासमोर लागली, काहींतून बाया बघत होत्या. कुणी काही म्हणालं नाही. चौकात आलो तर पारावर माणसं उभी होती, आणि देवळाचं दार सताड उघडं, पडदा ओढलेला नव्हता. पुजारी खांबाला टेकून दुसरीकडं बघत होता.

तुम्हाला कळतंय ना, काय केलं होतं त्यांनी ते? तसेच पुढं गेलो तर देवासमोरून मयत नेलं म्हणून बोंब. आम्ही पडदा ओढायला गेलो तर देवळाला हात लावला म्हणून बोंब. वळून ओढ्यात उतरलो की झालं, कुणी कुणाला काही म्हणालेलं नाही. नाना थांबले, तिरडी थांबली. आबांचं वजन माझ्या खांद्यावर होतं, ऊन होतं, मागं कुणाचं तरी पोर रडत होतं.

मी मोठ्यानं बोलणारी नाही. लहानपणापासून पुस्तकात तोंड घालून बसणारी, वर्गातसुद्धा मला आवाज चढवता आला नाही. पण म्हटलं, पडदा तुमच्या देवासाठी आहे. आम्हाला तो लागत नाही. ओढायचा असला तर ओढा, आम्ही चाललो.

आणि पाय उचलला. बाकीच्यांनी उचलला. मी देवळाकडं पाहिलं नाही. तिरडी दारासमोर यायच्या आत देवळातून घाईनं पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला.

पुढं काय झालं विचारता. मारामारी झाली नाही. आमच्यामागं एका घरासमोर बाईनं पाण्याचा सडा टाकला, नाना म्हणाले सगळ्याच मयताला टाकतेत, टाकत असतील. पण त्यानंतर आई दळण घेऊन गेली की गिरणीचा पट्टा तुटलेला असतो, दुसरी कुणी गेली की जोडलेला. जीपमध्ये तिला जागा नसते. आई डोक्यावर पायलीभर दळण घेऊन किल्लारीच्या वाटेला लागते. मी परत जाऊन पदवी पुरी केली, आता नांदेडला शिकवते, आईला म्हटलं माझ्याकडं ये. ती म्हणते, मी कशाला जाऊ, माझं घर हाय हितं. नाना माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. नंतर एकदा फोन करून म्हणाले, आपल्या आळीतली एक म्हातारी गेली, तिला ओढ्याकडून नेलं. तिची पोरं ज्यांच्या ट्रॅक्टरवर ऊस वाहतात ते चौकातले. मी त्या पोरांना नावं ठेवत नाही. नाना पुढं म्हणाले, पर आता वढ्यात उतरायच्या आधी सगळे इचार करायलेत.

आईला गिरणी बंद आहे. ती चालत जाते. बाकी गाव तसंच आहे. माझ्या वडिलांना चौकातून नेलं, ते झालेलं आहे, ते आता कुणाला परत घेता येत नाही.