पवनचक्क्यांना नाही म्हणायला गेलो होतो

...आणि वरून सगळे मलाच विचारतात, मास्तर, तुम्ही असं बोललातच कसे? आता काय सांगू! तुम्हाला सांगतो, मी नाही म्हणायला गेलो होतो. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, अगदी ठरवून, नाही म्हणायला!

झालं काय, आमच्या सुरतेबाहेर समुद्रकाठी, डुमसच्या पुढे, वाळूचं एक टेकाड आहे. त्याच्यासमोर, पाण्याच्या कडेने म्हणे पवनचक्क्या उभ्या करणार. करा, वीज कोणाला नको? पण त्याआधी बडोद्याहून एक साहेब आले, देखावा बिघडतो का ते तपासायला. देखाव्याची तपासणी! मी जन्मभर मराठी शाळेत पेपर तपासले, देखावा कसा तपासतात? तर तिथे नेहमी जाणाऱ्या माणसाला त्याच्या नेहमीच्या जागी बसवायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुझं काही बिघडतंय का?

नेहमी जाणारा म्हणजे मी. आणि वत्सला, माझी बायको, ती होती तोवर. मी म्हणायचो, नाही, आज ऊन फार आहे, आणि म्हणता म्हणता बसमध्ये तिच्या शेजारी बसलेला असायचो. लिंबायतच्या वस्तीत आमची खिडकी उघडली की समोरच्यांची मोरी, खाली कापडाच्या लूमचा खडखडाट. टेकाडावर ती चपला काढायची, काळ्या वाळूत पाय खुपसायची आणि म्हणायची, "किती बरं वाटतं हो, काहीच दिसत नाही."

ते काहीच न दिसणं तिचं होतं. ती गेल्यावर मी एकटा जातो आणि तेच बघत बसतो. आता त्यात कोणी खांब रोवणार म्हटल्यावर... मी नाही म्हणायलाच गेलो होतो.

साहेबांनी भला मोठा फुगा आणलेला. चक्की जेवढी उंच तेवढ्या दोरीवर तो सोडायचा, म्हणजे बसल्या जागेवरून अंदाज येतो. पण अहो, वारा आहे म्हणून तर चक्की ना? फुगा वर जायचा सोडून आडवा झाला, सरूच्या झाडात शिरला, फट्ट! साहेब माझ्याकडे असे बघतात की जणू मीच फुंकर मारली. माझ्या सोबतीला शेजारचा लोटू आलेला, लूमवर कारागीर आहे, तो आपला शांतपणे म्हणतो, "साहेब, फुगा कशाले आणा भो? सुरतमा पतंग मरी गयात का?"

"पण पतंग तो हाले ने, भाई," साहेब म्हणाले.

संपलं! सुरतेत राहणाऱ्या माणसाला पतंग हलतो म्हणायचं? संक्रांत नुकतीच झालेली. लोटू गावात गेला, घरोघरचे पतंग उचलून आणले, साहेबांच्या दोरीवर मांजा मोजला, पाण्याच्या कडेने गावकरी उभे केले आणि म्हणाला, सोडा!

तुम्हाला सांगतो... एक गेला, दुसरा गेला, सगळे गेले आणि वर जाऊन रांगेत उभे राहिले, हलणं नाही, डुलणं नाही, खिळे ठोकावेत तसे! इतकी वर्षं मी समुद्र बघतोय, पण तो केवढा आहे ते मला त्या दिवशी कळलं, कारण आजवर त्याच्याशेजारी लावून बघायला काही नव्हतंच ना! आणि वारा, जो मला फक्त चष्म्यात वाळू घालणारा माहीत, तो एवढा उंच, एवढा सलग, कोणाची वाट न बघता चाललेला... वारा दिसला हो मला! मान दुखली, पण खाली घालवेना. आणि तोंडातून निघून गेलं, "सोड, वत्सला, अजून सोड! जाऊ दे वर!"

दर संक्रांतीला गच्चीवर फिरकी तिच्या हातात असायची. मी वर बघत ओरडायचो, ती मागून म्हणायची, "सोडतेय ना, ओरडता कशाला?" सवयीने मागे वळलो. मागे लोटू होता. तो वाळूकडे बघत होता.

साहेब मात्र खूश! लिहून मोकळे: नेहमी येणाऱ्या गृहस्थांची हरकत नाही, उलट चक्क्या आणखी उंच असाव्यात असं त्यांचं मत आहे. मी म्हटलं, साहेब, ते मी तुम्हाला नव्हतं म्हटलं.

"तो कोने कह्युं, मास्तर?"

मग कोणाला म्हटलंत, म्हणे! मी नाही म्हणायलाच गेलो होतो हो... पण तिच्यापुढे माझं 'नाही' टिकलंय कधी?