गिअरचं तेल

सून : आई, फोन आणखी खाली धरा. इथे गाडीखाली यांचा आवाज फुटतोय.

सासू : आणखी किती खाली? आता मीच आडवी होते तुझ्याशेजारी.

मुलगा : आई, तू गाडीखाली शिरायचं नाही हं! इथून जहाजावरून मी काय तुला ओढून काढायला येणार आहे?

सासू : नाही रे शिरत. तुझी बायको मावलीय तेच खूप झालं. तू सांग काय सांगायचं ते पटापट. मध्येच तुझी रेंज गेली तर उघडी गाडी घेऊन आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसू.

मुलगा : डेकवर येऊन उभा आहे, इथे मिळते रेंज. गाडी नुसती जॅकवर नाही ना ठेवलीस?

सून : नाही हो. चारही स्टँड लावलेत. अंग टाकून हलवून पाहिली, हलत नाही.

सासू : मीही ढकलून पाहिली. तुझ्या वडिलांवर गेलीय. एकदा बसली की बसली.

मुलगा : आणि आधी एक चक्कर मारलीस? तेल कोमट असलं तरच नीट खाली उतरतं.

सून : बाजारापर्यंत जाऊन आले. दुसरा गिअर पुन्हा अडला. मी कण्हत कण्हत टाकला तर आई म्हणतात, गिअर टाकतेयस की दाढ काढून घेतेयस?

मुलगा : तेल जुनं झालं की असंच करते ती. बरं, दोन बुचं दिसतात? एक गिअरबॉक्सच्या बाजूला, एक तळाला. आधी बाजूचं उघड.

सून : काढायचंय तर खालचं ना आधी?

मुलगा : नाही. नवं तेल बाजूच्या भोकातून भरायचं असतं. तेच गंजून बसलं असेल आणि तू जुनं काढून मोकळी झालीस, तर गाडी कोरडी ठणठणीत. आधी भरायची वाट मोकळी करायची, मग काढायचं.

सून : हलत नाही हो हे. पाना घसरतोय.

सासू : थांब, तो पाइपचा तुकडा देते. पान्याच्या दांड्यात घाल, जोर येईल. मागच्या वेळी त्याने असंच केलं होतं.

मुलगा : बघ, आईच्या लक्षात आहे.

सासू : तू घरी केलेलं सगळं लक्षात असतं माझ्या. करतोस तरी कितीसं! आणि हो, तुझ्या खोलीला रंग दिला. गादीला ऊन दाखवलं. ती खिडकी रात्रभर वाजायची ना, तिला कडी बसवून घेतली. आता झोप हवा तेवढा.

मुलगा : हं.

सासू : हं काय, हं? रंग कुठला ते तरी विचार.

सून : सुटलं! आई, सुटलं बाजूचं!

मुलगा : शाबास. आता तळाचं. खाली घमेलं ठेव आणि शेवटचे आटे हातानेच काढ. तोंड बाजूला घे, एकदम येतं ते.

सून : आलं… अगं बाई! कोपरापर्यंत आलं. काळं मिट्ट आहे, आणि वास तर विचारूच नका. बुचाच्या टोकाला काहीतरी चिकटलंय. राखाडी, मलमासारखं.

मुलगा : ते असायचंच. टोकाला लोहचुंबक असतं, झिजलेली पूड धरून ठेवतं. तुकडे आहेत का त्यात? खडेबिडे?

सून : नाहीत. नुसतंच मऊ आहे.

मुलगा : मग गिअरचे दात शाबूत आहेत. पुसून ठेव. आता थेंब थेंब होईपर्यंत थांबायचं.

सून : थांबते की. यंदा विमानतळावर वेळेवर पोचणार आहे मी. मागच्या वेळी चढावर अडकले आणि तुम्ही बाहेर बॅगांवर बसून राहिलात. ते मला अजून खातंय.

मुलगा : ऐकतेयस ना तू?

सून : ऐकतेय की. हात भरलेत, कान मोकळे आहेत.

मुलगा : माझ्या जागी येणारा माणूस आलाच नाही. मागच्या बंदरात चढणार होता, आजारी पडला म्हणे. इंजिनवर दुसरा कोणी नाही. मला थांबायला सांगितलंय. तीन महिने.

सासू : म्हणजे या रविवारी…

मुलगा : नाही, आई.

सासू : बरं.

मुलगा : आई?

सासू : बरं म्हटलं ना. आजारी माणसाला काय बोलायचं. अगं, तू बोल काहीतरी. मला इथून तुझे नुसते पाय दिसतायत, तेही हलेनात.

सून : तेल गळतंय अजून.

मुलगा : अगं…

सून : कधी कळलं?

मुलगा : मंगळवारी.

सून : मंगळवारी! आणि काल तुम्ही मला तेल कुठलं घ्यायचं ते सांगत होतात? बुचाखाली घालायला नवा वायसर आण म्हणून भर उन्हात दुकानात धाडलंत? अरे, निदान तेव्हा तरी… म्हणजे, अहो…

सासू : म्हण गं, अरेच म्हण. मी काही ऐकत नाहीये.

सून : अरे, गाडीखाली घालून सांगतोस मला? इथे डोळे पुसायलाही हात नाही रिकामा!

मुलगा : रोज सांगायला जायचो. तू रंगाचं सांगायचीस, कडीचं सांगायचीस. मग जीभच रेटेना. काल तू म्हणालीस, तेल मीच बदलते, तुम्ही फोनवर सांगा. वाटलं, चला, तेवढा वेळ तरी फोन चालू राहील. एरवी जेवलात का, झोपलात का, की संपलं. एवढा वेळ कुठे बोलतो आपण?



सासू : वाकून बघितलं मी, मान हलवतेय रे ती. तुला दिसत नाही म्हणून सांगते.

सून : आता थेंबच पडतायत. वायसर बदलून बूच लावू?

मुलगा : लाव. घट्ट कर, पण पाइप नको लावूस, आटे जातील. भरायचं कसं करणार आहेस?

सून : बॉनेटमधून खालपर्यंत नळी सोडलीय. टोक भोकात धरलंय. आई वरून नरसाळ्याने ओततील.

सासू : ओतते. फोन इथे बॅटरीवर ठेवलाय रे, मोठ्याने बोल. अगोबाई, हे तर मधासारखं आहे, सरकतच नाही.

मुलगा : सावकाश ओत. घाई केलीस तर नरसाळ्यातून वर येईल.

सून : तिकडे काय चाललंय तुझं? रात्री झोप लागते?

मुलगा : इंजिनचा आवाज कानातून जात नाही गं. पाळी संपवून वर आलो तरी तोच. मग मी पडल्या पडल्या घरचे आवाज आठवत बसतो. तू कपडे वाळत घालताना झटकतेस ना, सट्‌ करून, तो हमखास आठवतो. तो आठवला की झोप लागते.

सासू : आणि माझा?

मुलगा : तुझं खोकणं. कोणी उशिरा आलं की मुद्दाम खोकतेस ते.

सासू : मेल्या!

सून : मी तुझे शर्ट पण धुते अधूनमधून. न घातलेले. दोरीवर असले म्हणजे बरं वाटतं.

मुलगा : परवा नकाशा बघितला. गुरुवारी आम्ही माल चढवायला थांबणार आहोत, ते बंदर म्हणजे तुमच्या जवळच की. जवळ म्हणजे काय, गाडीने अख्खा दिवस जाईल. पण इथून बघताना बोटभरच दिसतं.

सून : उतरू देतात तिथे?

मुलगा : छे! फाटकापर्यंत येऊ देतात फार तर, तेही काम नसेल तर. तासाभरासाठी.

सून : तासाभरासाठी.

मुलगा : म्हणून तर बोललो नव्हतो. आता तोंडातून निघून गेलं.

सून : आई, थांबा थांबा! वाहायला लागलं, भोकातून बाहेर येतंय!

मुलगा : झालं मग, पातळीला आलं. जास्तीचं वाहून जाऊ दे आणि बूच लाव.

सून : लावते. गुरुवारी किती वाजता?

मुलगा : वेड लागलंय का तुला? मध्ये केवढा मोठा घाट आहे!

सून : दुसरा गिअर आता पडेल ना?

मुलगा : पडेल.

सून : मग घाटाचं काय सांगतोस?

मुलगा : एकटी येणार तू एवढ्या लांब?

सासू : एकटी कशाला? मी काय घरात भिंतींना लावलेला रंग बघत बसू?

मुलगा : आई, तुझी कंबर…

सासू : कंबर माझी आहे. मुलगाही माझाच आहे.

मुलगा : अगं, पण ऐन वेळी इंजिनचं काम निघालं तर मला फाटकापर्यंतही येता येणार नाही. एवढ्या लांब याल आणि मी दिसणारच नाही.

सासू : मग जहाज बघू. ते तरी दिसेल ना? तू आत आहेस एवढं कळलं तरी पुरे.

मुलगा : आई…

सासू : रडू नकोस रे. डेकवर चार माणसं असतील.

मुलगा : कोणी नाहीये. ऐक, निघायच्या आधी एकदा जवळपास चालवून बघ. बूच पाझरत नाही ना ते… खाली कागद… बघ… हॅलो?

सून : हॅलो? अरे?

सासू : गेली रेंज. ये बाहेर. आधी तोंड धू, ओळखू येत नाहीयेस.

(गाडी स्टँडवरून उतरवून दोघी घरामागच्या रस्त्याला लागल्या आहेत.)

सासू : टाक आता दुसरा.

सून : टाकला.

सासू : कधी?

सून : आत्ताच. पडला आपोआप, कळलंही नाही.

सासू : हातगुण चांगला आहे तुझा. अगं, पण ही सीट जरा पुढे घे. पाठीला दोन दोन उशा लावून तो घाट चढणार आहेस का?

सून : इतके दिवस चालवलीच ना.

सासू : चालवलीस. पाय पुरत नाहीत, तरी टोकावर बसून चालवलीस. मी कधी विचारलं तुला?

सून : नाही.

सासू : त्याने ठेवलीय तशीच ठेवायची म्हणून ना?

सून : तो आल्यावर बसेल तेव्हा त्याला सरकवावी लागू नये, एवढंच मनात होतं.

सासू : या खेपेला तो बसणार नाहीये गं. भेटायचं आणि परत यायचंय. घे पुढे. तो यायचा असेल त्याच्या आदल्या दिवशी परत होती तिथे नेऊन ठेवू.

सून : नेमकी कुठे होती, ते कळेल तेव्हा?

सासू : त्याच्या विजारी मीच शिवत होते. पायांचं माप आहे माझ्याकडे.