मे महिन्यातला हीटर

आमचे सासरे जावयाला कशालाच नाही म्हणत नाहीत. मेमधली गोष्ट. खंडेराव मार्केटमधून आंब्याच्या पेट्या घेऊन सासरे आणि मी माझ्या जुन्या पिकअपमधून वासण्याला घरी निघालो. अर्ध्या वाटेत इंजिन टकटक करायला लागलं आणि तापमानाचा काटा लालवर गेला. मी हीटर पूर्ण सोडला.

सासऱ्यांनी रुमाल काढला. "जावईबापू, ही गरम हवा कसली?"

"रेडिएटर तुंबलाय. इंजिनची उष्णता अशी आत घेतली की ते जरा गार पडतं."

"हो का? मग असू द्या."

खरंच टकटक थांबली, काटा उतरला. सासऱ्यांचा सदरा मात्र भिजून अंगाला चिकटला होता.

दारात बायकोनं विचारलं, "बाबा, गाडीत बरं वाटलं ना?"

"इंजिनला वाटलं."