तिसऱ्या वळणावरची सावली

वेंडेल : जाहिराती संपल्या की शर्यतीचा तोच तुकडा पुन्हा लावू. कोल्बी टीग आतल्या बाजूला घुसतो, चौदा नंबरला धडकतो आणि मागच्या निम्म्या गाड्या भंगारात. पोरगा उतावळा आहे. विषय संपला.

नेडीन : नाही संपला. मघाशी आपण दोघंही चुकीचं बोललो, वेंडेल. परत प्रक्षेपण सुरू झालं की मला ते सुधारायचंय.

वेंडेल : अगं, त्याने स्वतः कॅमेऱ्यासमोर कबूल केलं. ‘चूक माझी’ म्हणाला.

नेडीन : दुसरं काय म्हणणार? तू गाडी चालवायचास तेव्हा छपरावरून रेडिओवर वाट सांगणाऱ्या आपल्या स्पॉटरचं टीव्हीवर कधी नाव घेतलंस?

वेंडेल : घेतलं असतं तर पुढच्या रविवारी माझ्यासाठी छपरावर कोण उभं राहिलं असतं?

नेडीन : आणि शेजारी गाडी आहे की नाही, ते तुला कधी स्वतःला दिसलं?

वेंडेल : दिसतंय कप्पाळ. मान पट्ट्यांनी आवळलेली. छपरावरून कानात ‘मोकळं’ आलं की गाडी आत घ्यायची, बस. थांब. कोल्बीचा स्पॉटर म्हणजे तुझे वडील.

नेडीन : हो. आणि हे त्यांचं रेडिओवरचं बोलणं, रेकॉर्ड झालेलं. ऐक. आधी डॅडी ‘मोकळं’ म्हणतात, मग कोल्बी चाक वळवतो.

वेंडेल : नेडीन, उभा जन्म काढलाय त्या माणसाने छपरावर. मला किती वेळा भिंतीपासून वाचवलंय. राहू दे ना कोल्बीच्या नावावर. तरणा आहे, पचवेल.

नेडीन : त्याचं पहिलं वर्ष आहे. मालक आत्ताच आपल्या वार्ताहराला म्हणाला, गाडी दुसऱ्याला देतो. आणि दाखला कोणाचा दिला? तुझा नि माझा.

वेंडेल : हळू. मागे बघ, आले ते.

(ओडेल लिंगरफेल्ट मंचाच्या पायऱ्या चढून येतात. गळ्यात दुर्बीण, हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी.)

ओडेल : गार झाल्यात, पण मीठ बरं लागलंय. घे, वेंडेल. टीव्हीवर आधीच जाडा दिसतोस, तरी घे.

वेंडेल : तुमची लेक जेवू देत नाही, मिस्टर ओडेल.

ओडेल : काय गं, तोंड का उतरलंय? तिकडे तो पोरगा मान खाली घालून बसलाय, इकडे तू. मी मोकळं म्हणालो तेव्हा मोकळंच होतं. त्याने वळायला उशीर केला, तेवढ्यात चौदा नंबर शिरला.

नेडीन : डॅडी, मी लहान असताना मला छपरावर न्यायचात. लांबच्या वळणाबद्दल काय शिकवलंत?

ओडेल : गाडी शोधू नकोस, चमक शोध. आपल्या गाडीच्या बगलेत दुसरीचं नाक असलं तर ते उन्हात चमकतं. चमक नाही, म्हणजे मोकळं.

नेडीन : एरवी शर्यत संपते तेव्हा सूर्य कुठे असतो?

ओडेल : माझ्या पाठीमागे. ही काय शाळा आहे?

नेडीन : आणि आज?

ओडेल : आज पावसाने खोळंबा केला. ट्रॅक वाळवण्यातच दुपार गेली, मग आज तो... पुढ्यात होता.

नेडीन : तिसऱ्या वळणाच्या मागे उतरला होता. म्हणजे कोल्बीच्या गाडीची सावली आत पडली. आता हा तुकडा बघा.

ओडेल : पुन्हा लाव. अजून थोडं मागे. थांबव.

वेंडेल : मला तर नुसता काळोख दिसतोय.

ओडेल : मलाही तेच दिसलं होतं. नाक आहे त्यात. गडद निळं, सावलीत बुडलेलं.

नेडीन : मी हे सांगणार आहे, डॅडी. रेडिओही ऐकवणार. तुम्ही नको म्हणालात तरी.

ओडेल : मी नको म्हणालो?

नेडीन : नाही.

ओडेल : मग आधीच भांडू नकोस. आता मला छपरावर कोण उभं करील, हे मनात आलं. खोटं कशाला सांगू. चष्मा घाला म्हणतील. डोळ्यांचं काही नाही हे, सवयीचं आहे.

नेडीन : तेही सांगते.

ओडेल : ते नको. सबब वाटते.

वेंडेल : कानात सांगतायत, शेवटची जाहिरात सुरू झाली.

ओडेल : त्या पोराला कोणीतरी टीव्हीसमोर आणा म्हणावं. मालकालाही. आणि वेंडेल, ऊठ.

वेंडेल : मिस्टर ओडेल, ही माझी खुर्ची आहे.

ओडेल : इतकी वर्षं ऊठ म्हटलं की उठलास, बस म्हटलं की बसलास. आज आणखी एकदा.

नेडीन : डॅडी, तुम्ही बसायची गरज नाही. मी नीट सांगेन, कुठे काही झाकणार नाही.

ओडेल : माहीत आहे. बरं, सूर्याचं तू सांग, ते तू हेरलंस. हा माइक कुठे लावायचा?

नेडीन : इथे, कॉलरला. थांबा, मी लावते.

ओडेल : लाव. ‘मोकळं’ मी म्हणालो होतो. तेवढं मी सांगतो.