सांताचं दुसरं वरीस

न्हाई, तुमीच सांगा, तोंडाला कापूस चिकटवलेला, पोटावर उशी बांधलेली, त्या उशीखाली सकाळपासनं अन्नाचा कण न्हाई... असा मानूस हसंल कसा? आन पिंटोबाई म्हनत्यात, "हौशीराम, जोरात हस ना!" सांगा, ह्यात माजं काय चुकलं?

तुमाला सांगतो, भुशीच्या वाटंला पिंटोबाईंचा बंगला हाय, तितं मी रोजानं माळीकाम करतो. नाताळाला त्यांच्याकडं मुंबईची पोरं येत्यात, त्यांना खाऊ वाटायला सांताक्लॉज लागतो. गेल्या साली ठरलेला मानूस आला न्हाई, आन बंगल्यात बाप्या मानूस मी एकलाच, म्हनून तांबडा कोट चढवला माज्या अंगावर. मी बी नाचलो, हो हो केलं, केक हानला, पोरं खूश, बाई खूश... तितंच मिटायला पायजे व्हतं की न्हाई?

पर माजी आय, भामाबाई, फाटकातनं बघत व्हती. आमच्या वाडीत जत्रंला देवाचं सोंग घेत्यात. घेनाऱ्यानं उपास धरायचा, अनवानी चालायचं, आन ववाळून सोंग उतरवस्तवर तोंडातनं शबुद काढायचा न्हाई. आय म्हनली, "पांढरी दाढी, तांबडं कापड, लेकरास्नी खाऊ देतोय, ह्यो देवच की रं. आन त्याच्या सोंगात तू हादडलंस?" झालं! दसऱ्याला म्हस आटली. आता गाभन म्हस आटंल न्हाई तर काय करंल? पर आयचं एकच, "सोंग बाटवलंस, म्हनून आटली." तवापास्नं घरात कोरा च्या. ह्यात माजं काय चुकलं?

औंदा पिंटोबाई म्हनल्या, "हौशीराम, यंदा मुलांना खूश केलंस ना, तर तुला कायम करते. राहायला खोली पण देते." खोली, राव! आमच्या घराचं छप्पर आशाडात चाळनीवानी गळतं. मी लय हरकलो. घरी आलो, तर आय म्हनती, "औंदा सोंग नीट न्हाई पाळलंस, तर तुज्या हातचं पानी बी पिनार न्हाई मी."

मग काय... उपाशी, अनवानी, मुका सांता निगाला. आय फाटकाशी बसली, मांडीवर ववाळनीचं ताट. पोरं म्हनली, "सांता, बोल ना!" मी आयकडं बघितलं, तिनं तोंडावर बोट ठिवलं. मी मान हालवली. एका पोरीनं केक माज्या तोंडाशी धरला, मी तोंड फिरवलं. तवर पोटात असं गुरगुरलं म्हनता, उशीला बी दबंना. ती पोरगी भ्याली, भोकाड पसारलं, तिचं बघून बाकीची बी रडाय लागली. "सांता मुका आहे! सांताला आपण आवडत नाही!" अवो, काळजाचं पानी झालं माज्या. त्या लेकरांना कसं सांगू, बाळांनो, तुमी लय आवडता, पर माजी म्हस आटलीय?

पिंटोबाई दातओठ खात म्हनल्या, "हौशीराम, तू जा." आय फाटकात मला ववाळून म्हनली, "आता बोल." आता काय बोलू, कपाळ?

दुसऱ्या दिशी म्हस व्याली. अवो, दिस भरलेलेच व्हते तिचे! पर आयला कोन सांगनार? खरवस वाडीभर वाटला. शेजारची शिदूची म्हातारी सांताच्या कोटाला नारळ घिऊन आली, केरबा आला त्येची आडलेली शेळी कोटाच्या पाया घालायला घिऊन. बाईंनी कोट मागं मागितला, तर आयनं त्यो देवळीत ठिवलाय, हळदकुकू वाहून. मागायची माजी छाती न्हाई. खोली गेली, कायम दुसराच झाला. सांगा, ह्यात माजं काय चुकलं?

काल वाडीची बैठक बसली. सांताच्या सोंगाचा मान आमच्या घरान्याला दिला, वर्सानुवर्सं... म्हंजी बंगल्यात न्हाई झालो, पर उपाशी ऱ्हायला मातूर झालो म्या एकदाचा कायम.