फ्लेअरखालचं गुलाबी पीठ

मर्विन : अगं बाई, ड्रिल कशाला? टेपनं चिकटव ना चाकावरची ही प्लास्टिकची झालर, हा फ्लेअर.

नोरीन : टेपचा फ्लेअर पहिल्याच वाळूत गळून पडतो, मर्विन. आणि तुमची ही चाकं मडगार्डाच्या बाहेर वीतभर आलीयत. उघडी दिसली की पोलिस काचेवर बंदीचा पिवळा कागद डकवतील, गाडी जागची हलणार नाही.

मर्विन : मला कुठं वापरायचीय! चार वाजता रॉकहॅम्प्टनचं गिऱ्हाईक इथंच गाडी बघायला येतंय. त्याच्यासमोर झोकात दिसली की झालं.

नोरीन : बरं. दोन्ही हातांनी धरा. अजून वर. हं, आता सोडू नका.

मर्विन : मागच्या डाव्या बाजूला तरी भोक नको पाडूस.

नोरीन : तिथंच पाडलं. बघा.

मर्विन : काय बघू?

नोरीन : पत्र्यातून चकचकीत कीस निघतो. हे गुलाबी पीठ पडलंय. पुट्टी आहे ही. बोटभर आत गेले तरी पत्रा लागला नाही.

मर्विन : समुद्राकाठची गाडी, गंज धरणारच! म्हणून तर फ्लेअर लावतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नोरीन : आणि आत स्प्रिंग ज्यावर टेकते तो पत्रा? तोही कुजलाय?

मर्विन : घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत. मागं एक पांढरी गाडी अशीच खपवली मी. पोरगा हसत हसत घेऊन गेला.

नोरीन : वर तुम्हाला आभाराचा बिअरचा खोकाही देऊन गेला.

मर्विन : हो ना! येडंच होतं. ...तुला कुणी सांगितलं?

नोरीन : तो खोका मीच विकत आणला होता. डॅरल माझा भाऊ. पेलिकन घसरणीच्या उतारावर त्या पांढऱ्या गाडीचा स्प्रिंगखालचा पत्रा फाटला, चाक आत दुमडलं, गाडीनं तीन कोलांट्या खाल्ल्या. डावा पाय गुडघ्यापासून गेला त्याचा. हात काढू नकोस, मर्विन. फ्लेअर पडेल.

मर्विन : हे बघ, मला खरंच फार वाईट...

नोरीन : तुझं वाईट वाटणं घाल चुलीत. चौदा महिने वाट बघतेय मी तुझी. या किनाऱ्यावर फ्लेअर बसवणारी शेड ही एकच. आज ना उद्या तू येणार, हे मला ठाऊक होतं. आता ही सगळी पुट्टी मी खरवडून काढणार. गंज उघडा पडू दे गावासमोर.

मर्विन : हात लावायचा नाही माझ्या गाडीला! थांब, त्या गिऱ्हाइकाला फोन करतो, येऊ नको म्हणून.

नोरीन : कर की. इथंच वाजेल.

(शेडमागच्या दारातून डॅरल आत येतो. काखेत कुबडी, हातात वाजणारा फोन.)

डॅरल : उचलू का, मर्विन? परवा रॉकहॅम्प्टनचं गिऱ्हाईक म्हणून फोन केला, तर आवाज ओळखला नाहीत माझा. "डोळे मिटून घे, आईला फिरवायला न्यावी अशी गाडी आहे," म्हणालात.

मर्विन : डॅरल, बाळा, ऐक माझं...

डॅरल : ऐकायला नाही, फेरी मारायला आलोय. पेलिकन घसरणीवर जाऊ. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. मला कसली भीती? माझा एकच पाय जायचा राहिलाय.

नोरीन : चावी गाडीलाच आहे, मर्विन. बस.

मर्विन : नको.

नोरीन : का? आईला फिरवायला न्यावी अशी आहे ना?

मर्विन : त्या उतारावर नेण्यासारखी नाहीये ती. माणूस मरेल.

डॅरल : त्या दिवशी एवढंच म्हणाला असतात ना, मर्विन, तरी खोका मी दिला असता.