ब्रुनोचा घर क्रमांक

(दुपार. पडवीत ग्रामसेवक भाऊसाहेब मांडीवर नोंदवही घेऊन बसलेले. समोर भाविका, उंबऱ्यात तिची सासू ठमी. आत चहाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडायला लागतं.)

भाविका : चहा उतू जाईल. आई, तुम्ही बसा, मी बघते. तुम्ही बोला भाऊसाहेब, मला आतून ऐकू येतं.

भाऊसाहेब : ताई, वही तुमची चोख आहे. कुठल्या कुत्र्याला कधी लस दिली, कोणी आणून सोडलं, कधी नेणार, सगळं आहे. दहा कुत्री, दहा मालक. पण परवा आमचा शिपाई तुमचं हे कुत्र्यांचं पाळणाघर बघून गेला, त्याला बिल्ले दिसले नऊ. तो लंगडा ब्रुनो. त्याच्या गळ्यात पट्टाच नाही.

ठमी : तो मी काढला.

भाविका : आई...

ठमी : काढला तर काढला म्हनते. पट्ट्यानं गला सोलला व्हता त्याचा. माज्या सासऱ्याच्या मिठागरावं पाच कुत्री व्हती, एकालाबी पट्टा न्हाय. खाऱ्या पान्यात जाऊन आला का पट्ट्याखाली मीठ बसतं, मंग चट्टा पडतो. आन हा रोज खाडीत जातो. तीन उधानं जो कुत्रा बांधावं ऱ्हायला तो बांधाचा झाला. त्याला कोन पट्टा बांधतो?

भाऊसाहेब : आजी, मिठागरातल्या कुत्र्यांना परवाना लागत नव्हता.

ठमी : म्हनून सुखात व्हती.

भाविका : घ्या चहा. साखर कमी घातलीय, मागच्या वेळी अर्धा कप तसाच ठेवला होतात.

भाऊसाहेब : लक्षात ठेवलंत. ताई, मी भांडायला आलेलो नाही. पण आपल्या पंचायतीचा नियम नऊ बघा. पाळणाघरात कुत्रा साठ दिवस ठेवता येतो. पुढे मालकाने न्यायचा, नाही नेला तर तो बेवारस. ब्रुनोला आज एकशे सात दिवस झाले. मालक न्हावा शेव्याला नोकरीला म्हणून लिहिलंय, फोन लागत नाही. त्यात बिल्ला नाही. म्हणजे कागदावर तो रस्त्यावरचा कुत्रा. असा कुत्रा आवारात असेल तर मला तुमच्या परवान्याचं नूतनीकरण करता येत नाही. सोमवारपर्यंत त्याला तालुक्याच्या निवारा केंद्रात पाठवा.

भाविका : तिथून त्याला कोण नेणार? सात वर्षांचा आहे, मागचा पाय अधू.

भाऊसाहेब : खरं सांगू? कोणी नाही.

भाविका : मग तो जाणार नाही.

भाऊसाहेब : आणि परवाना?

भाविका : परवानाही जाणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीतली सगळी कुत्री मी घेऊन बसलेय, लोकांना शब्द दिलाय. नियम चौदा काढा. मोठ्याने वाचा.

भाऊसाहेब : "एका घर क्रमांकावर जास्तीत जास्त दोन श्वान पाळता येतील." बरोबर. तुमचे घरचे दोन आहेतच. तिसरा बसत नाही.

भाविका : घर क्रमांकावर, असं लिहिलंय. कुटुंबावर नाही. घरपट्टीला आमचा क्रमांक काय?

भाऊसाहेब : दोनशे चौदा.

भाविका : आणि विहिरीपलीकडच्या आईंच्या दोन खोल्या?

भाऊसाहेब : थांबा हं. दोनशे चौदा अ. ठमी बुधाजी ठाकूर.

भाविका : घरपट्टी वेगळी, मीटर वेगळा. भांडण झालं की चूलसुद्धा वेगळी.

ठमी : मी कवा भांडली?

भाविका : गणपतीच्या आधी.

ठमी : ती तू भांडलीस. मी नुसती जेवायला आली न्हाय.

भाऊसाहेब : ताई, हे सगळं वाचता कधी हो तुम्ही?

भाविका : पोरगी दुपारी झोपते तेव्हा. एक तास मिळतो, कधी तोही नाही.

भाऊसाहेब : आजींच्या नावावर चढवता येईल, मी नाही म्हणत नाही. पण मालकाने कुत्रा सोडल्याचं पत्र लागेल. नाहीतर उद्या तो दारात उभा राहील, म्हणेल माझा कुत्रा पंचायतीनं परस्पर देऊन टाकला.

भाविका : पत्र आहे.

भाऊसाहेब : आहे? मग इतका वेळ मला घाम का फोडलात?

भाविका : हळू बोला. आई, ऋतिका कुठाय?

ठमी : मागल्या दारी. त्यालाच आंघोल घालते.

भाविका : पत्र येऊन महिना झाला. ब्रुनोच्या मालकीणबाईंनी सहीसकट पाठवलंय. नवऱ्याची सिंगापूरला बदली झाली, तिथल्या घरात कुत्रा चालत नाही, तुम्हीच ठेवा. वहीत लिहायला घेतलं आणि हात थांबला. पोरगी आता अक्षरं लावून वाचते. ही वही तर रोज वाचते. मला विचारते, ब्रुनोचे काका-काकू कधी येणार, आणि मी म्हणते, येतील.

भाऊसाहेब : वहीत नोंद हवी होती, ताई.

भाविका : हो. चुकलं माझं. हे घ्या, फाइलला लावा.

भाऊसाहेब : बरं. अर्ज भरतो. ब्रुनो, नर, वय सात. मालक, ठमी बुधाजी ठाकूर. बिल्ल्याचं काय?

ठमी : गल्यात न्हाय.

भाविका : नियमात गळा कुठंय? "श्वानाच्या अंगावर" एवढंच आहे. छातीवरून जाणारा पट्टा शिवते मी.

ठमी : सुती कापडाचा शिव. आन खाडीतून आला का काढायचा.

भाऊसाहेब : काढा, पण माझा शिपाई यायच्या आत परत घाला. आजी, इथे अंगठा...

ठमी : अंगठा कोनाला सांगतोस? बचत गटाची अध्यक्ष व्हती मी. पेन दे.

भाऊसाहेब : चुकलो. घ्या. झालं ताई, गुरुवारी परवाना न्यायला या. चहा आज पूर्ण संपवलाय.

भाविका : बघितलं. या हं, सावकाश जा, दारात मोती आडवा झोपलाय.

ऋतिका : (मागल्या दारातून येत) आई, आजीनं कसली सही केली?

भाविका : इकडे ये. किती भिजलीस गं. ब्रुनो आता आजीचा झाला. कायमचा.

ऋतिका : म्हणजे ते काका-काकू येणार नाहीत?

भाविका : नाही बाळा. खूप लांब गेलेत. मला आधीच ठाऊक होतं, तुला सांगायला जीभ रेटली नाही.

ऋतिका : आजी पण रडत नाहीये, मग मी पण नाही रडणार.

ठमी : माजी गुनाची पोर.

ऋतिका : पण आई, आता ब्रुनोला कसं सांगायचं?